सालीवरचा पक्षी

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीखात्यात मीटर वाचायचे. एकतीस वर्षं दारोदार हिंडले, पण कुलूप दिसलं म्हणून अंदाजे आकडा कधी ठोकून दिला नाही. निवृत्त झाल्यावर लोक पाय पसरून बसतात. यांनी वनखात्यासाठी पक्षी मोजायला घेतले. हिवाळ्यात दर रविवारी आधी तळं, मग पलीकडचं जंगल. यंदा त्यांचा गुडघा कुरकुरतोय, म्हणून गाडी चालवायला मी. आठवड्याची एक झोप, तीही गेली.

तळ्यावर त्यांचं काही अडत नाही. दुर्बिणीतून बदकं दहा-दहाच्या पुंजक्यांनी मोजतात आणि थवा उडाला की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी सहाशे बारा भरेपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती.

जंगलात मात्र छोटे पक्षी दिसतात कमी, आवाजावरच मोजावे लागतात. त्यातला एक बोटभर, तपकिरी, सालीवर सरसर चढणारा, अगदी बारीक आवाजाचा. जुनी झाडं सोडून कुठे राहत नाही. तीन वर्षं दाजींच्या तक्त्यात त्याच्यापुढे शून्य होतं. यंदाही शून्य आलं तर पक्षी गेला असं धरून जुनी झाडं तोडायला काढू, असं वनखात्यानं कळवलं होतं. तेव्हापासून दाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उभं राहायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही, असा त्यांचा नियम. मी पाय आपटत घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाली, दाजींनी उसासा टाकून पेन्सिल कागदाला लावली.

"ही शिटी कधी थांबणार?" मी वैतागून विचारलं.

"कसली शिटी?"

मी समोरच्या खोडाकडे बोट केलं. दाजींनी दुर्बीण लावली आणि कितीतरी वेळ काढलीच नाही. पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती.

"बोलतोय?"

"मघापासून. मागे आणखी एक आहे."

मला वाटलं, खूश होतील. ते एका पडलेल्या ओंडक्यावर मटकन बसले. टीव्हीचा मोठा आवाज ऐकून ताईनं दोनदा कान तपासून घ्या म्हटलं होतं, तर तिलाच पुटपुटायची सवय लागलीय, असं यांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, दोन लिहा आणि मोकळे व्हा, मागचं कोण विचारतंय.

"जंगल रिकामं नव्हतं रे," दाजी म्हणाले. "मी बहिरा झालो होतो."

त्यांनी दोन लिहिले, ऐकणारा म्हणून माझा उल्लेख केला. खाली लिहिलं: मागच्या तीन वर्षांची शून्यं चुकीची आहेत, मोजणाऱ्याला ऐकू येत नाही, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघावा. आणि सही केली. शिटीचं बोललोच नसतो तर, असं क्षणभर वाटलं मला आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली.

दुर्बीण पिशवीत गेली. मी हात देऊन त्यांना उठवलं. झाडाकडे पाठ करून दोन पावलं चालले आणि थांबले.

"अजून बोलतोय का?"

मी वळून पाहिलं. खोडावर काही नव्हतं, शिटीही थांबली होती.

"हो," मी म्हणालो.

दाजींनी कानटोपी काढली आणि त्या थंडीत ऐकत उभे राहिले.