थंड डोक्याच्या मुली

राग येणाऱ्या मुलीला गणित जमत नाही, असं तुम्हालाही वाटतं का? आमच्या निवासी शाळेला तसं वाटायचं.

मी आठवीत होते. नामांतराच्या दंग्यात आमच्या वस्तीचा कडबा जळाला, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती आणि विद्यापीठाचं नाव होतं तेच होतं. मोठा भाऊ चुडाव्याच्या स्टेशनवर वाटलेली पत्रकं घरी आणायचा. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले.

आमच्या वर्गाच्या बाई उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. माणसं विचार कसा करतात, भावना कशा ओळखायच्या, हे त्या दर शनिवारी शेवटच्या तासाला शिकवायच्या. मला तो तास फार आवडायचा, हे कबूल करते. राग, भीती, लाज ही निरनिराळी काढून बघता येतात, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. एका शनिवारी त्यांनी छापील कागद वाटले. भीती कशाची वाटते, राग कशाचा येतो, असे प्रश्न होते. खरं तेच लिहा, याला मार्क नाहीत, असं त्यांनी बजावलं.

पण आमच्या हाती छापील प्रश्न पडले की ती परीक्षाच. पहिल्या बाकावर वालूरच्या एका बड्या शेतकऱ्याची लेक बसायची, तिचा नंबर कायम पहिला. तिनं लिहिलं, भीती सापाची, राग खोटं बोलण्याचा. पाच मिनिटांत ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. शेजारणीनं मला कोपर मारलं.

"खोटं बोलण्याचा लिही की गं. समद्या तेच लिहायल्यात."

मी लिहिलं, जेवताना पाणी वाढणाऱ्या मावशी आम्हा बौद्ध मुलींच्या पेल्याला जग लागू देत नाहीत. हातभर वरून धार सोडतात, भाकरी भिजते. त्याचा राग येतो. खाली पत्रकातल्यासारखं ठळक अक्षरात 'निषेध' लिहिलं.

बाईंनी रजिस्टरात शेरे भरले. वर्गातल्या बाकी सगळ्या मुली 'शांत, तर्काने विचार करणारी' ठरल्या. माझ्यापुढे 'भावनाप्रधान, रागीट' असं आलं. नववीला बीजगणित-भूमिती द्यायची की सोपं गणित, हे तेव्हा शाळाच ठरवायची. सोप्या गणितावर पुढं सायन्स मिळत नसे, आणि मला कालव्यावरची इंजिनीअर व्हायचं होतं. यादी लागली. बीजगणितात माझं नाव नव्हतं.

"बाई, गणितात मी वर्गात दुसरी आहे," मी म्हणाले.

"मार्क आहेत गं बाळ," बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "पण गणिताला थंड डोकं लागतं."

पाण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

कोपर मारणाऱ्या शेजारणीला बीजगणित मिळालं. दोन वर्षं तिची उदाहरणं मी सोडवून दिली, सोपं गणित करता करता. इंजिनीअर मी झाले नाही.

येत्या जूनमध्ये तुमच्या शाळेतही वरच्या तुकड्यांच्या याद्या लागतील. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत जा. ज्या मुलीचं नाव गाळलं असेल तिचा गणिताचा पेपर मागा, आणि तो हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.