झिंजमधली कावीळ

सुषमाची बॅग दाराशी ठेवली होती. घरातल्या घरात तिनं काळा गॉगल लावला होता, कारण डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि विमानतळावर ते कोणाला दिसायला नको होते. पोटात सातव्या महिन्याचं मूल. माझा मुलगा दिलीप, म्हणजे तिचा नवरा, टॅक्सी आणायला खाली गेला होता. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "तू कुठं जायचं नाहीस."

बेत असा होता, की तिला गावी, कोकणात संगमेश्वरकडे न्यायचं. तिथं कावीळ उतरवणारा एक बुवा आहे. गावी राहणाऱ्या माझ्या जावेनं फोनवरून सगळं ठरवलं होतं. इथल्या, बहरीनच्या सलमानिया दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की या काविळीवर वेगळं औषध नाही, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, ॲडमिट करा, आम्ही लक्ष ठेवतो. दिलीपनं त्यातलं 'औषध नाही' एवढंच ऐकलं.

"वैनी, औषधच नाही म्हणतात तर ठेवून काय करणार?" असं जाऊ आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती.

"बुवाकडे तरी काय आहे? चुना."

"लोकांना गुण येतो. तुम्ही बहरीनला गेलात आणि लई शाण्या झालात."

शहाणी कुठली? मी चौथीपर्यंत शिकलेली. पण ते चुन्याचं पाणी मी पाहिलेलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला, शेवंतीला, कावीळ झाली तेव्हा बुवानं परातीवर तिचे हात धरले, कसल्याशा सालीचा रस चोळला आणि वरून चुन्याची निवळी ओतली. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. बायका म्हणाल्या, उतरली. मग घरात आणखी कोणाला व्हायला नको म्हणून माझेही हात धरले. मला काही झालेलं नव्हतं. तरी माझंही पाणी तेवढंच पिवळं. मी आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, "गप्प बस. बुवासमोर बोलू नये." तो पावसाळा संपायच्या आत शेवंती गेली.

दिलीप वर आला. "आई, टॅक्सी उभी आहे. सर बाजूला."

"तीच टॅक्सी सलमानियाला ने."

"विमान चुकेल."

"चुकू दे."

"तिकडे तिची आई आहे, सगळी माणसं आहेत. इथं आपलं कोण आहे?"

"इथं डॉक्टर आहेत. माणसं मेल्यावर लागतात."

माझं बोलणं असंच आहे, गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. दिलीपचा चेहरा उतरला. सुषमानं गॉगल काढला आणि म्हणाली, "आई, मला दवाखान्यातच न्या. मला उभं राहवत नाही." नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. बॅग दाराशीच राहिली.

दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? आम्ही पितो कॅनचं. पण दात घासायचं, कोथिंबीर धुवायची, ते नळाचं. त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या आणखी दोघांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा मी शेजारच्या रुकय्याआपाला घेऊन खाली गेले. ती दापोलीकडची, माझ्याच वयाची, गुडघे माझ्यापेक्षा बरे. अंगणात जमिनीखालची टाकी आहे, तिथून पाणी पंपानं गच्चीवर चढतं. टाकीच्या झाकणाला लागूनच गटाराचं झाकण. आपानं टाकी उघडली आणि नाकाला ओढणी लावली.

वॉचमन धावत आला. "माजी, मफी मुश्किल, कोई प्रॉब्लेम नहीं. टाकी एकदम साफ."

"साफ है? तो एक ग्लास तू पी," आपा म्हणाली.

"मैं चाय पीता हूँ, माजी."

"इसी पानी की बना."

तो काही प्याला नाही. त्यानं मालकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी माणसं आली. फरशी फोडली तर संडासाचा पाइप फुटलेला, त्यातलं सगळं टाकीत झिरपत होतं. आता टाकी दुसऱ्या बाजूला आहे. ती धुतात तेव्हा मी आणि आपा खुर्च्या टाकून समोर बसतो. मुलं हसतात, हसू देत.

गावाकडून विचारतात, म्हातारपणी परक्या देशात कशाला राहतेस? जाऊ अजून विचारते. गावची हवा चांगली आहे, मासळी ताजी मिळते, इथल्या उन्हाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. हे सगळं खरं. पण माझं घर आता बहरीनमधल्या या झिंज वस्तीत आहे, कारण इथं वाईट पाण्यावरून भांडले आणि पाणी चांगलं झालं. तुम्हीही भांडा. आपल्या विहिरीपासून संडासाचा खड्डा किती लांब आहे ते बघा. पाणी उकळा. कावीळ झाली तर बाईला आधी दवाखान्यात न्या, बुवाला नंतर काय सांगायचं ते सांगा.

सुषमा बरेच दिवस सलमानियात होती. मधे दोन रात्री ती कोणाला ओळखत नव्हती. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवली होती. आता ती शाळेत जाते, मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देते. बिल्डिंगमधले ते दोघे बरे झाले. सुषमा वाचली. मुलगीही वाचली.