गुण्याभाऊंचं दुसरं दार

मटार निम्मे सोलून झाले होते, निम्मे ताटात तसेच पडले होते. मागच्या खोलीतला रंध्याचा आवाज थांबला, म्हणजे आता दार तपासणार. काकूंनी ताट बाजूला सरकवलं.

काकूंचे यजमान चौऱ्याहत्तरीचे सुतार. त्यांचा काटकोन चुकलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून काटकोन तपासायच्या गुण्यावरून सगळे त्यांना गुण्याभाऊ म्हणत. पण वयामुळे डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. समोर बघावं तर मधोमध धूसर डाग, आणि सरळ रेघ नागमोडी. माणसाचा चेहरासुद्धा मान तिरकी करून, नजरेच्या कडेनं बघायचा. डॉक्टरांनी हे सांगण्याआधीच घोटाळा होऊन बसला होता. शाळेतल्या बाईंच्या घरासाठी केलेलं दार भाऊंना वाकडं दिसलं. दिवसभर रंधा मारून त्यांनी ते सरळ केलं, म्हणजे चांगलं दार खरोखरच वाकडं करून ठेवलं.

"बाबा, आता पुरे," मुलगा म्हणाला. तोही सुतारच.

भाऊ स्वतः बाईंकडे गेले. "बाई, दार मीच बिघडवलं. दुसरं करून देतो. तेही चुकलं, तर हत्यारांची पेटी पोराच्या हवाली."

आज ते दुसरं दार तयार होतं. काकू हात पुसत खोलीत आल्या. भाऊंनी दाराच्या कडेच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीच्या लाकडी ढलप्या ठेवल्या, वरून सुतळी ताणली आणि तेवढ्याच जाडीची तिसरी ढलपी बोटांनी खालून सरकवत नेली. कुठे अडतेय का, कुठे सैल पडतेय का? डोळे चक्क मिटलेले.

"अहो, डोळे तरी उघडा!"

"कशाला? थापा मारतात ते."

मुलानं लोखंडी पट्टी कडेला लावली आणि वाकून फटीतला उजेड शोधायला लागला. इकडून, मग तिकडून. काकूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"सापडलं काही, तर मलाही दाखव," भाऊ म्हणाले. "आम्हाला काय, दिसत नाही!"

मुलगा उठला. "कुठेच फट नाही, बाबा. माझ्या दारांनाही इतकी सरळ कड येत नाही."

"ते मला पूर्वीपासून माहीत आहे."

काकूंचा ऊर भरून आला. तोंडातून मात्र निघालं, "आधी अंगावरचा भुसा झाडा बघू!"

भाऊंनी भुसा झाडला, चपला चढवल्या. दार बाईंकडे न्यायचं, तर हातगाडीवाल्याला बोलवायला जायचं होतं.