वेटिंग लिस्टवरचा चौदावा नंबर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर कोंबडीचे पाय. चौथीनंतर वही हातात धरली नाही. कुणी वाचलंच तर माफ करावं.

अमेरिकेत चँडलरला मुलाकडे आले तेव्हा घरात नातीच्या शाळेचं चाललं होतं. जवळच सरकारी शाळा होती, पण सुनेला चार्टर शाळा हवी होती. तीही सरकारी पैशावरच चालते, फी नाही, कारभार तेवढा वेगळा, असं मुलगा म्हणाला. अर्ज फार, जागा थोड्या, म्हणून चिठ्ठ्या काढतात. नातीचा नंबर वेटिंग लिस्टवर चौदावा लागला. सून जेवतानाही फोन बघायची.

फुकट आणि वर चांगली, असं कुठे असतं? मुलाच्या पाचवीच्या प्रवेशाला आम्ही डोनेशन दिलं होतं, तेही गुपचूप. मला वाटलं, ह्या पोरांना पैशाचं विचारायची लाज वाटत असेल. शेजारी लेकीकडे राहणाऱ्या नागपूरच्या ताईंकडून मी दोनशे डॉलर उसने घेतले.

"घ्या जी, पण पोराला सांगून करा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. वर माझा एक डॉलर घातला, पाकिटावर नातीचं नाव लिहिलं आणि शाळा बघायला गेलो तेव्हा ऑफिसातल्या बाईंच्या हातात दिलं. त्या गोड हसल्या. मला वाटलं, काम झालं.

दहा दिवसांनी शाळेकडून देणगीची पावती आली.

"आई, दोनशे एक? लग्नाचा आहेर केलास का?" मुलगा आधी हसला, मग हसेना.

सून हळूच म्हणाली, "लाच समजले तर नावच काढतील."

नात म्हणाली, "आजी, इट्स फ्री! कितीदा सांगितलं!"

चौथीनंतर माझी शाळा सुटली ती पुढची शाळा दूर होती म्हणून. हिची सुटली तर ती माझ्या हाताने. मुलाने शाळेत फोन केला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, चिठ्ठ्या कॉम्प्युटर काढतो, पाकिटाने नंबर पुढे होत नाही की मागे. यादीतल्या घरचे पैसे ठेवणार नाही, चेक पाठवते. तरी फोन वाजला की मी सुनेच्या तोंडाकडे बघायचे. नंबर नऊवर आला, चारवर आला, मग महिनाभर हलेना.

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला तेव्हा जागा मिळाली. पुढची काही कुटुंबं दुसरीकडे गेली होती, एवढंच. सून रडली. मला मात्र पंधराव्या नंबरच्या पोरीचं वाईट वाटत राहिलं.

चेकही त्याच आठवड्यात आला. मुलाने नोटा आणून दिल्या. मी ताईंकडे गेले; पाकिटाची सगळी हकिकत त्यांना आधीच सांगितली होती.

"मोजून घ्या."

"दोनशेच? वरचा एक कुठाय?" त्या डोळे मिचकावत म्हणाल्या.

"तो माझा होता," मी म्हटलं. त्यांनी नोटा मोजल्या. पुरे दोनशे होते.