पिवळं पान आणि माझा जबाब

पान तोडायचं, उन्हाकडे धरून एक डोळा बारीक करून पाहायचं, मग जिभेवर ठेवून चावायचं आणि तुमच्या पायाजवळ थुंकायचं. मग तोंड पुसून म्हणायचं, "याले भूक लागेल शे."

कापूस असो, मिरची असो, कोणाच्या दारातली तुळस असो, त्याचं निदान एकच. पान पिवळं दिसलं की झाड उपाशी. असा माणूस तुमच्याही गावात असेल, तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडचा हा साक्री तालुक्यातल्या आमच्या गावचा. नाव लिहीत नाही. लिहिण्यासारखं काम त्याने केलं नाही.

तो माझ्या नाल्याकाठच्या शेतात निम्म्याने करायचा. शेत माझं, कष्ट त्याचे, पीक दोघांचं. माझा गुडघा तेव्हापासूनच नीट नव्हता, म्हणून दिलं. नाहीतर मी कोणाच्या हातात औत देणारा माणूस नाही.

त्याचं सगळंच मला किळसवाणं वाटायचं, हे आधीच सांगून टाकतो. युरियाच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि त्याच हाताने भाकरी मोडायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "झाडले चालस, मले कसाले नही चालाव?" शेणखत नाकाशी नेऊन हुंगायचा. आणि ते थुंकणं. माझ्या वहाणेवर किती वेळा पडलं असेल, देव जाणे.

पण झाड त्याचं ऐकायचं. हे खोटं बोलून चालणार नाही. वाळायला टेकलेल्या लिंबाच्या झाडाशी तो चार दिवस बसला, मुळाशी काय केलं कोणास ठाऊक, लिंबाला पालवी फुटली. बाया आपल्या वेलांची पानं पदरात बांधून त्याच्याकडे आणायच्या. तो चावायचा, थुंकायचा, सांगायचा. बाया जायच्या आणि तसंच करायच्या.

एके वर्षी पौषात मी शेतात गेलो. तूर माझ्या डोक्याच्या वर गेलेली, खालची पानं पिवळी पडून गळायला लागलेली. तूर आता वाळणारच, तो तिचा धर्म. मी ओळीतून आत शिरलो आणि वास आला. तो वास कसा सांगू? मेलेल्या घुशीवर कोणी ओवा टाकावा तसा. पुढे सरकलो तर तुरीच्या मधोमध दोन ओळी वेगळ्या. बोटांसारखी लांब, करवतीच्या दात्यांची पानं. शेंड्याला चिकट तुरे.

गांजा मी ओळखतो. माझा मामा त्याच्यापायी मठाच्या ओट्यावर पडून राहायचा. धोतर ओलं, माश्या तोंडावर, आणि माझी आई त्याला धुवायला जायची. त्या धुराचा वास मला आठ वर्षांचा असल्यापासून ओकारी आणतो.

आणि हा त्या झाडासमोर उकिडवा बसलेला. एक पिवळं पान त्याच्या हातात, तोंड उतरलेलं.

"भाऊ, दख ना," मला पाहून तो म्हणाला. लाज नाही, भीती नाही. "खालनी पानं पिवळी पडी ऱ्हायनात. याले भूक लागेल शे."

"तुले लाज नही वाटस का रे? मना वावरम्हा हाई?"

"घाटाखालना एक जननं बी दिधं. म्हनं, दखू तरी कसं येस. हाई झाड मी कधी लायेल नव्हतं ना भाऊ."

असं म्हणत होता जसं काही नवीन जातीचं वांगं लावलं. तो स्वतः ओढायचा नाही. विडीसुद्धा नाही. त्याला फक्त झाड पाहायचं होतं, हे मला आजही खरं वाटतं. त्यामुळे संताप कमी होत नाही, वाढतो. देवाने असे हात दिले आणि ते कुठे घातले?

मी म्हणालो, "फुलावर आलेलं झाड खालची पानं सोडतंच. बाळंतिणीचे केस गळतात तसं. त्यात काय पाहतोस?"

"मंग बायतीनले उपाशी ठेवतस का?" तो म्हणाला. "इतलं फूल होऊ दे. मंग मी सोता उपटी टाकसू."

मी त्याच क्षणी उपटायला हवं होतं. नाही उपटलं. हात लावायची किळस आली, असं मी स्वतःला सांगितलं. पाटलाकडे गेलो नाही, कारण शेत माझं होतं, आणि माझ्या शेतात असलं पिकतं हे मी कोणाच्या तोंडून ऐकून घेणार नव्हतो. नाक वर ठेवून घरी आलो. तीन आठवडे त्या बाजूला फिरकलो नाही.

त्या तीन आठवड्यांत त्याने काय करावं? कोणी चोर असता तर गप्प बसला असता. याने त्या दोन ओळींना युरिया दिला, नाल्यातून कावडीने पाणी वाहिलं. पिवळं पान त्याला बघवेना. आता तुम्हीच पाहा. सगळं शिवार वाळलेलं, तूर तांबूस झालेली, तिची पानं खाली पडून झाडं उघडी पडलेली, आणि मधोमध हिरवागार पट्टा. वरच्या रस्त्याने जाणाऱ्याला तो दिसायचा. जत्रेच्या बंदोबस्ताला निघालेल्या पोलिसांनाही दिसला.

जीप गावात आली. जमादाराने विचारलं, "ते नाल्याकाठचं शेत कोणाचं?"

सातबारा माझ्या नावाचा. मला घरातून जेवत्या ताटावरून उठवलं. शेतावर नेलं, झाडांसमोर उभं केलं. अर्धा गाव मागे. "हे तुझं?" जमादाराने विचारलं. एका शिपायाने माझा दंड धरला होता. या गावात माझ्या बापाचा दंड कोणी धरला नव्हता. जीपमध्ये बसवलं तर मी परत या गावात कसा चालणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात तो तुरीतून आला. कावड खांद्यावरच. सरळ पळून गेला असता तर नाल्यापलीकडे सगळं रान होतं. तो आला आणि जमादाराला म्हणाला, "याले सोडा साहेब. बठ्ठी झाडं मनी शेतस."

"हा मालक आहे ना?"

"मालक शे. पन यानी लाई म्हनतस?" तो हसला. "साहेब, याना कापूस दखा एकदाव. चार बोंडं धरतस, तेबी किडेल. याले मेथी जमत नही, हाई जमई का?"

लोक हसले. शिपाईसुद्धा हसला आणि त्याने माझा दंड सोडला. खरं सांगतो, त्या वेळी सुटलो याचा आनंद नव्हता. माझ्या कापसाची गावासमोर लाज काढली याचाच राग होता.

मग उपटाउपटी सुरू झाली. शिपाई नाकाला रुमाल बांधून झाडं ओढत होते आणि हा त्यांच्यामागे वाकून मुळं पाहत होता. हातात बेडी पडायची होती आणि हा मुळं पाहतो. "कुजेल बी नही. किडा बी नही. मंग पिवळं कसाले पडनं?"

जमादार कंटाळून म्हणाला, "फुलावर आलं की खालची पानं पिवळी पडतातच. दरसाल पाहतो आम्ही."

तो उभा राहिला. माझ्याकडे वळला. एवढा मोठा शोध लागल्यासारखं तोंड करून म्हणाला, "भाऊ, तुनं खरं व्हतं रे!"

जमादाराने मान वर केली. "काय खरं होतं? याला माहीत होतं?"

तो माझ्या वहाणेजवळ थुंकला. "तूरनं सांगे साहेब हाऊ. तूरनी पानं पिवळी पडतस, इतलंच याले माहीत. त्याम्हा काय अक्कल लागस? ते गायलेबी माहीत ऱ्हास."

पुन्हा सगळे हसले. जमादारही हसला आणि लिहायला बसला.

माझा जबाब बांधावर लिहिला गेला. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण न वाचता सही करत नाही. अंगठा तर कधीच नाही. कागद घेतला आणि अक्षराला अक्षर लावत वाचलं. वेळ लागला. सगळे थांबले होते. तिथे लिहिलं होतं, सदर झाडांबाबत मला काहीएक माहिती नव्हती.

ती ओळ मी दोनदा वाचली. मान वर केली तर तो माझ्याकडे पाहत होता. बोटांना लागलेला चीक अंगठ्याने खरवडत होता.

मी सही केली. चांगली लफ्फेदार करतो मी सही.

त्याला जीपमध्ये चढवताना तो कागदावर वाकला. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "सही झकास शे भाऊ तुनी."

पुढे धुळ्याच्या कोर्टात मला साक्षीला बोलावलं. तिथल्या देवपुरात पाहुण्यांकडे उतरलो, धुतलेलं धोतर नेसून गेलो. वकिलाने विचारलं, "तुम्हाला माहिती होती का?" मी म्हणालो, "नाही." दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. तो पिंजऱ्यात उभा होता. बारीक झालेला, हात मात्र स्वच्छ. मी त्याचे तसे स्वच्छ हात कधी पाहिले नव्हते. माझी साक्ष झाल्यावर त्याने हळूच मान हलवली, एखाद्याचं काम मनासारखं झालं म्हणजे हलवतात तशी.

त्याला शिक्षा झाली. मी भेटायला गेलो नाही. त्याची बायको घर मोडून दोंडाईच्याकडे भावाकडे गेली. जाताना माझ्या दारात आली होती. मी आतून बाहेर आलो नाही. गांजा लावणाऱ्याच्या बायकोशी मी काय बोलायचं, असं घरात सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्याच शेतात वखर हाकत होतो. गुडघा दुखत होता, पण आता कोणाला शेत द्यायचं नाही असं ठरवलं होतं. बांधावरून गावातला एक जण ओरडला, "आबा, तो गेला. तुरुंगातच. ताप आला म्हणे."

"बरं," मी म्हणालो.

बैल थांबवले नाहीत. ओळ पुरी केली. मग बांधाच्या आडोशाला गेलो आणि ओकलो. सकाळपासूनची भाकरी सगळी पडली.

घरी सांगितलं, ऊन लागलं.