लेक ज्या गावात, गाडी त्या गावाची

शालिनीताईंची आणि माझी पहिली भेट पिंपरी पेंढारच्या मारुतीच्या देवळात झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्याशी भांडलो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं संपादकांनी सुचवून पाहिलं. पण ताईंच्या अमृतमहोत्सवाला खोटं कशाला लिहायचं?

तोवर मी त्यांना नावानेच ओळखत होतो. जुन्नरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांमध्ये माता-बाल आरोग्याच्या अनुदानाचं काम हाती घेतलं होतं. अनुदान गावाच्या हाती द्यायचं आणि ते कशावर खर्चायचं हे गावातल्याच समितीने ठरवायचं, अशी त्यांची पद्धत. कुठे गरोदर बायांना अंडी, कुठे नर्सबाईंच्या फेऱ्या, आणि बहुतेक ठिकाणी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी ठरवलेली गाडी. गावाचं अनुदान गावातल्याच बाईसाठी, एवढा एक नियम होता. तो सगळ्यांना सरळ वाटत होता.

आम्ही अवसरी बुद्रुकचे. वहिनी पिंपरी पेंढारची. रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी, आणि वजनाला फार हलकी. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की पोरीला उघड्या उराशी धरून ऊब द्या आणि दर आठवड्याला तपासायला आणा. लग्नसराई होती. दादाने ठरवलेली भाड्याची गाडी ऐन वेळी वऱ्हाड घेऊन गेली. मग समितीची गाडी मागितली. पिंपरीची समिती म्हणाली, सून अवसरीची आहे, त्यांनी गाडी द्यावी. अवसरीची म्हणाली, बाळंतीण पिंपरीत आहे, दुसऱ्या तालुक्यात आमची गाडी कशी जाईल? या वादात तपासणी चुकली, आणि पोर दूध ओढेनाशी झाली.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेलो. एका मुलीचं लग्न दुसरीकडे झालं होतं आणि माझा अख्ख्या जगावर राग होता. पिंपरीत समितीची बैठक चालू आहे असं कळलं, तसा तडक देवळात शिरलो.

"पोर गेली तर कोणत्या गावात धरणार तिला?" मी ओरडलो.

समितीचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "पावणं, आवाज खाली. देऊळ हाय. लेकीला आमी नाय म्हणत न्हाई. पण तिकडं दिली ती तिकडची झाली. नियम ह्या बाईंचा हाय, आमचा न्हाई."

मग मी ताईंकडे वळलो. काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. सतरंजीच्या कडेला बसलेल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तू भांडायला आलायस की पोरीला न्यायला?"

"न्यायला."

"मग बस खाली. माझ्याशी नंतर भांड. मी कुठे पळून जात नाही."

त्यांनी मागे बसलेल्या बायांना विचारलं, "कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय? हात वर करा." एकेक हात वर होऊ लागला. सगळ्यांत शेवटी अण्णांच्या मालकिणीचा.

"काकू, तुमच्या सुनेला तिकडे काही दुखलंखुपलं तर गाडी कोणी द्यायची?"

"त्यांच्या गावानं नको का द्याया?" काकू म्हणाल्या, आणि मग अण्णांकडे बघून पदर तोंडाला लावला. बाया हसायला लागल्या.

"म्हंजी सगळ्या मुलखाच्या लेकी आमीच वाहायच्या का ताई?" अण्णा कुरकुरले.

"आणि तुमच्या सुना त्यांनी वाहायच्या. अण्णा, नियम करताना चूक माझी झाली. मी स्वतः माहेरीच बाळंत झाले, तरी हे मला सुचलं नाही. आता नवा नियम तुम्ही सांगा."

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लेक ज्या गावात, गाडी त्या गावाची. लिवा," ते म्हणाले. "आन् ती गाडी काढा आधी."

तरी गाडी दारात आल्यावर वहिनीची आजी आडवी आली. सव्वा महिना व्हायच्या आत पोर उंबऱ्याबाहेर जायची नाही, म्हणाली. ताईंनी वाद घातला नाही. "आजी, दृष्ट काढा, आणि तुम्हीच मांडीवर घेऊन बसा गाडीत." थोड्या वेळाने पाहतो तर आजी नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी गाडीत बसली होती.

दवाखान्यातून परत आल्यावर ताईंची नजर माझ्या दादाकडे गेली. वहिनी थकून गेली होती, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे बापाची ऊबही तितकीच चालत होती. "जावईबापू, सदरा काढा." दादा ओसरीवर उघडाबंब बसला, पोर छातीशी, वरून धोतराचं फडकं गुंडाळलेलं. आजी म्हणाली, "पयल्यांदा जावई मुक्कामाला ऱ्हायला, तर त्योबी असा. आता ह्याला आहेर करू का अंगडं शिवू?" दादा लाजेने लाल झाला, पण उठला नाही. काही दिवसांनी पोर दूध ओढू लागली. पुढे दर आठवड्याला पिंपरीची गाडी गेली.

बाळाचा जीव सावरल्यावर ताईंनी मला निरोप धाडला, "भांडायचं राहिलंय, ये." गेलो, तर त्यांनी आपल्या गाडीची किल्ली हातात दिली. तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत त्यांना घेऊन फिरतोय, आणि वेळ पडली तर बायांना दवाखान्यातही नेतोय. ताई कुठल्याही गावात आधी चुलीपाशी बसतात, समितीपाशी नंतर. घाटघरच्या बायांनी त्यांना सांगितलं, "गाडी नको ताई. पावसात ती वर येती कुठं? आमाला खाली जुन्नरात दिवस भरायच्या आदी ऱ्हायाला खोली द्या, आन् चूल द्या. तिथलं जेवान उतरत न्हाई." अनुदानातून खोली आणि चूल झाली. गेल्या पावसाळ्यात त्या खोलीत नाचणीच्या भाकरीचा वास होता आणि दोन सासवा चुलीवरून भांडत होत्या. ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, लई खूष.

एक गोष्ट लिहू की नको, असं वाटत होतं. जिच्यापायी मी कॉलेज सोडलं, ती मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याच गावी माहेरी आली. तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा ताईंचा फोन आला. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी कधी सांगितलं नव्हतं. "दुसरा ड्रायव्हर बघू का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नको. "मग खड्डे बघून चालव." इतकी जपून गाडी मी आयुष्यात कधी चालवली नव्हती. ती मागे आईच्या खांद्यावर डोकं ठेवून होती, मला एकदाच म्हणाली, "हळू चालवतोस की आता." परतल्यावर ताईंनी चहा ठेवला, आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. माझा जगावरचा राग त्या चहात किती विरघळला ते ठाऊक नाही, पण त्यानंतर तो पूर्वीसारखा कधी आला नाही.

माझी पुतणी आता बालवाडीत जाते, आणि घरात सगळ्यांवर ओरडते. ताई हल्ली म्हणतात, पंचाहत्तरी झाली, आता माझं पुरे झालं. ताई, आपण जरूर विश्रांती घ्यावी. पण ही पोर मोठी होईल, शिकेल, कुठल्या तरी गावची सून होईल, आणि एक दिवस पहिल्या बाळंतपणाला अवसरीला माहेरी येईल. त्या दिवशी आपण आमच्या ओसरीवर ठणठणीत बसलेल्या असाव्यात आणि तिच्या नवऱ्याला सदरा काढायला सांगावं, एवढं आयुष्य आपल्याला लाभो. गाडी मी काढतो.