ताईचे कांदे मी निवडले तेव्हा

माझ्या हातून जो घोळ झाला तो सांगतो. हसू आलं तर बिनधास्त हसा. फक्त मधेच "अरेरे" म्हणू नका. गेल्या दोन महिन्यांत इतके अरेरे ऐकलेत की आता तो शब्द कानावर पडला की मी चप्पल घालून बाहेर जातो.

तर, माझी ताई. रोहिणी. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. नाशकात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करत होती. आमच्या चांदवडकडच्या गावात हा शब्द नीट म्हणणारी ती एकटीच. बाकीचे म्हणायचे, आप्पांची पोरगी कांद्याचं शिकते. ते काही खोटं नव्हतं. कांद्याच्या चाळीत साठवून ठेवलेला कांदा सडतो तेव्हा त्याच्या पोटात काय काय बदलतं, हे ती चार वर्षं शोधत होती. आप्पा म्हणजे आमचे वडील. ते म्हणायचे, हे तर मी तुला घरबसल्या सांगितलं असतं.

आणि मी? नववीपर्यंत शाळा, मग पिकअप. कांदा भरायचा, मार्केटला न्यायचा, मोकळी गाडी परत आणायची. डोकं तापट, तोंड त्याहून पुढे.

ताईला डेंगी झाला. सोमवारी ताप आला आणि शुक्रवारी ताई नव्हती. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. पुढे चला.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी म्हणालं, पोरीची चार वर्षं वाया गेली बघा. वाया? माझं डोकंच फिरलं. हातातला वाढायचा डाव तसाच धरून मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "वाया नाय जाणार. ताईची पीएचडी मी पुरी करीन."

कुणी हसलं असतं तर मी वाचलो असतो. कुणी हसलं नाही. आईनं तेरा दिवसांत पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. आता मागे कसा फिरणार, तुम्हीच सांगा.

तुम्ही म्हणाल, याला एवढी तरी अक्कल नको का? पण तुम्हाला माझा मनमाडचा आत्तेभाऊ माहीत नाही. त्याचे वडील रेल्वेत होते. नोकरीत असतानाच गेले आणि वर्षाच्या आत त्यांच्या जागी हा लागला. अनुकंपा तत्त्वावर. घरातलं माणूस गेलं की त्याची जागा घरच्याच माणसाला देतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. नोकरीत चालतं तर शिक्षणात का चालू नये? मी त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, कागद पूर्ण ठेव, बाकी साहेब लोक बघतात. स्वतः सरकारी नोकर असलेला माणूस सांगतोय. त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

मी कागद पूर्ण केले. ताईचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, माझं आधार, शाळा सोडल्याचा दाखला, आणि आई-आप्पांचं स्टँपपेपरवरचं पत्र, की आमच्या मुलीची पीएचडी आमच्या मुलाला देण्यास आमची हरकत नाही. आईनं अंगठ्याऐवजी सही केली. ताईनंच शिकवलेली.

कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं माझा अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"शिक्षण?"

"नववी."

"पास?"

"बसलो होतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मृत्यूच्या दाखल्याकडे बघितलं. शेवटी त्या बिचाऱ्यानं खरोखर एक शिक्का मारला आणि मला ताईच्या मॅडमकडे पाठवलं. शिक्का बघून मला वाटलं, निम्मं काम झालं.

मॅडमनी अर्ज वाचला. मग त्यांनी मला बसवून समजावलं. पदवी ही जागा नसते, ती दुसऱ्याला मिळत नाही. माझे कान गरम झाले. उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब. पदवी तुला नाही मिळणार, पण तिला मिळू शकते."

मी पुन्हा बसलो.

त्यांनी सांगितलं ते असं. ताईचा प्रबंध जवळजवळ पूर्ण होता. एकच तपासणी राहिली होती. नमुने तिनं स्वतःच्या हातानं तयार करून ठेवले होते आणि त्यांचा दिवस नेमका आज होता. दुपारी तिची ज्युनिअर प्राजक्ता ते तपासणार. आकडे आले की शेवटचं प्रकरण पूर्ण. मग विद्यापीठ तिच्या माघारी तिला पदवी द्यायचा विचार करेल. मात्र हे नमुने हुकले तर नवे दुसऱ्याला करावे लागतील, त्यात महिने जातील, आणि ते काम मग ताईचं म्हणता येणार नाही.

मॅडमना तासावर जायचं होतं. त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, ताईचं टेबल दाखवलं आणि म्हणाल्या, बस इथे, प्राजक्ता दोन वाजता येईल. मशिनला, बाटल्यांना, फ्रीजला हात लावू नकोस.

नाही लावला. आईची शपथ, एकाही बाटलीला बोट लावलं नाही.

पण खिडकीपाशी जाळीच्या झाकणाचे दोन ट्रे होते. त्यात कांदे. आमचे कांदे हो, आमच्याच चाळीतला उन्हाळ कांदा, मी अंधारातही ओळखेन. दर सुट्टीला ताई पिशवी भरून न्यायची. एका ट्रेमधले बारा ठणठणीत. दुसऱ्यातले बारा सडलेले, काळी बुरशी आलेली, दोन कांद्यांना पाणी सुटलेलं. प्रत्येकावर निळ्या पेनानं आकडा. त्याचं मला नवल वाटलं नाही, ताई तर घरातल्या उशांवरही आकडे टाकायची.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, ताई गेली आणि तिच्या कांद्यांकडे कुणीच बघितलं नाही.

आता आमच्यात लहानपणापासून एक काम अंगात मुरलेलं असतं. चाळीपाशी गेलं की हात आपोआप निवडायला लागतो. सडका बाहेर, चांगला आत. सडका तसाच राहिला की दोन दिवसांत शेजारचे जातात. त्याला कुणाला विचारावं लागत नाही, शास्त्र लागत नाही. नमुने फ्रीजमध्ये असणार असं मी धरून चाललो होतो. शास्त्र म्हणजे काचेत असतं, एवढी माझी समज. मी सडके बाराच्या बारा पिशवीत भरले. नेमकी खाली घंटागाडी वाजली. पळत जाऊन दिले. घंटागाडीवाल्या मामानं पिशवी ओल्या कचऱ्यात मोकळी करायला लावली, रिकामी माझ्या हातात परत दिली. वर येऊन ट्रे धुतला, पुसला, उन्हात पालथा घातला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ताईसाठी काहीतरी केलं असं वाटलं. तिच्या खुर्चीवर जरा टेकलोसुद्धा.

दोन वाजता प्राजक्ता आली. बारीकशी पोरगी, हातमोजे घालतच आत शिरली. खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"इथले सडके कुठे आहेत?"

"टाकले."

"कुठे टाकले?"

"घंटागाडीत. काळजी नको, चांगले सगळे ठेवलेत."

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर. मग तिनं हळू आवाजात सांगितलं की ते सडके हेच नमुने होते. ताईनं मोजून मापून त्यांना बुरशी लावली होती आणि दिवस मोजून सडवले होते. चांगले कांदे नुसते तुलनेला ठेवलेले.

मला आधी कळलंच नाही. चार वर्षं शिकून कांदा सडवायचा? आणि मग कळलं. दाराकडे पळता पळताच मी तिला विचारलं, मोटरसायकलवर बसता येतं का?

प्राजक्ता हातमोज्यांसकट माझ्या मागे बसली. घंटागाडी कॉलेजच्या रस्त्याला नव्हती, पुढच्या कॉलनीत नव्हती. सिग्नलला एक दिसली, ती दुसऱ्याच भागाची निघाली. त्या गाडीवाल्यानं सांगितलं की कॉलेजकडची गाडी भाजीबाजाराचा कचरा उचलून थेट खतप्रकल्पाला जाते. तिथे एकदा ओतलं की संपलं. ताईला दवाखान्यात नेलं त्या दिवशीही मी असाच गाडी मारत होतो. प्राजक्ता मागून सारखी म्हणत होती, हळू, हळू. मला हळू जमत नव्हतं.

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर गाडी सापडली. मामा टपरीपाशी चहा पीत होता. मी म्हणालो, माझे कांदे परत द्या. तो म्हणाला, "भाऊ, दिलेला कचरा कुणी परत मागतं का?"

"माझ्या बहिणीचे आहेत."

"मग तिला पाठव."

प्राजक्तानं त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे. त्यानं चहा तसाच ठेवला, गाडीचं मागचं फळकूट पाडलं आणि मला हात देऊन वर घेतलं.

आणि आत बघतो तर काय? अख्ख्या भाजीबाजाराचा ओला कचरा. त्यात किती सडके कांदे असतील याचा अंदाज करा. नका करू. मी केला आणि मला घेरी आली.

कोपरापर्यंत हात घालून मी शोधायला लागलो. एकेक कांदा पुसायचा, आकडा आहे का बघायचा, फेकायचा. बघता बघता माणसं जमली. एका मावशींनी विचारलं, सोन्याचं काही हरवलं का रे? मी म्हणालो, नाही, सडका कांदा. त्या दोन पावलं मागे सरकल्या. तेवढ्यात आप्पांचा फोन. प्राजक्तानं तो माझ्या कानाला लावला. आप्पांनी विचारलं, अर्ज घेतला का? मी म्हणालो, आप्पा, लगेच कामाला लावलंय. पलीकडे आप्पा आईला मोठ्यानं सांगताना ऐकू आले, "लावलं गं त्याला."

पहिला सापडला तो चार नंबर. चाराचं पोट ताई असं मोठं काढायची. तो आकडा बघितला आणि मला काही दिसेना. मामा शेजारी येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, तू पुस, मी काढून देतो. मग आम्ही दोघं. नऊ सापडला, दोन, बारा. प्राजक्ता खाली उभी राहून एकेक स्वच्छ पिशवीत घेत होती आणि घड्याळ बघत होती.

अकरा झाले. सात नंबर काही सापडेना.

मी एक बिनआकड्याचा कांदा उचलला. रंग आमचाच, मान आमचीच. म्हणालो, हाच सात. आमच्या चाळीतला कांदा मी ओळखतो.

"आकडा नाही," प्राजक्ता म्हणाली.

"अगं, पुसला गेला असेल. मी सांगतो ना."

"तू ओळखतोस रे. पण मला लिहिता येणार नाही. रोहिणीताई असती तर तिनंही घेतला नसता."

मी तो कांदा टाकला.

परत पोहोचलो तेव्हा मॅडम दारातच होत्या. माझ्या अंगाला जो वास येत होता, त्यावरून त्यांना निम्मी गोष्ट कळली असावी. उरलेली प्राजक्तानं सांगितली. मॅडमनी अकराही कांदे एकेक करून दिव्याखाली धरले. ताईचं आजारपण चार दिवस चाललं, पण ती दहा मिनिटं त्याहून लांब वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, वरच्या पाकळ्या काढून आतलं घेऊ. चालेल.

प्राजक्ता कांदे कापायला लागली आणि तिघांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणाचं कांद्यामुळे ते मी विचारलं नाही.

आकडे रात्री आले. चांगले आले. मॅडमनी फोन करून स्वतः आई-आप्पांना सांगितलं. पण त्याआधी एक काम राहिलं होतं. त्यांच्याकडे रीत अशी की प्रयोगात जे जे घडलं ते वहीत लिहायचं. खोडायचं नाही, लपवायचं नाही. मॅडम सांगत गेल्या आणि प्राजक्ता लिहीत गेली. सगळं इंग्रजीत. सात नंबरच्या ओळीपाशी तिचं पेन थांबलं. तिनं मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, हे पान प्रबंधात जाणार का? मॅडम म्हणाल्या, जाणार. मग मी म्हणालो, लिहा की, खरंच आहे ते.

प्रबंध बांधून आला तेव्हा आत्याला राहवेना. तिचा मुलगा रेल्वेत लागलेला ना. तिनं विचारलं, "एवढ्या मोठ्या पुस्तकात तुझं नाव तरी आहे का रे कुठं?"

मी म्हणालो, नाव नाही, पण मी आहे. पान काढलं, बोट ठेवलं आणि प्राजक्तानं शिकवल्याप्रमाणे आत्याला मराठीत वाचून दाखवलं :

"नमुना क्रमांक सात उपलब्ध नाही. कारण, भाऊ."